गेन वाढवण्याआधी डेड टाइम मोजा

ऐरोलीतल्या एका ईपीसी (डिझाइन, खरेदी आणि उभारणी करणाऱ्या) कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर असलेल्या तरुणाचा प्रश्न आहे: "माझं शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशनचं. महाप्याच्या एका केमिकल प्लांटच्या विस्ताराचं काम आमच्याकडे आहे आणि ते सात आठवडे मागे पडलंय. मॅनेजरांनी आठवड्याची मीटिंग रोजची केली, दर सोमवारी नवा कॅच-अप प्लॅन निघतो, तरी घसरण थांबत नाही. कॉलेजात शिकलेली कंट्रोल थिअरी इथे लावता येते का? पीआयडीसारखं एखादं सूत्र आहे का? आणि असलंच तर मॅनेजरांना ते कसं सांगायचं?"

मी ठाण्याचा. पहिली अकरा वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्लांटांमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन (मोजमापं आणि स्वयंचलित नियंत्रण) केलं, पुढची सतरा वर्षं प्रोजेक्ट. लूप (मोजा, तुलना करा, दुरुस्त करा, पुन्हा मोजा हे चक्र) ट्यून करायची सवय हाताला होती, म्हणून प्रोजेक्टकडेही मी तसाच बघत आलो. तुमच्या प्रश्नाला आधी थेट उत्तर देतो. कंट्रोल थिअरी इथे लागू पडते, पण निदानासाठी. औषधाचा डोस काढून देणारं सूत्र तिच्याकडे नाही. आणि तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून निदान बरंचसं स्पष्ट आहे: तुमच्या लूपमध्ये डेड टाइम (घटना घडल्यापासून दुरुस्ती प्रत्यक्ष लागू होईपर्यंतचा उशीर) मोठा आहे आणि मॅनेजरांनी गेन (दिसलेल्या तुटीवर किती जोरात दुरुस्ती करायची ते प्रमाण) वाढवला आहे. असा लूप हंटिंग करणारच, म्हणजे सारखा वर-खाली झुलणारच.

हा विचार ओढूनताणून आणलेला नाही. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये पीआयडीचं गणित मांडलं ते जहाजाच्या सुकाणूवरच्या माणसाचं निरीक्षण करून. जहाज दिशेपासून किती ढळलंय, किती वेळ ढळलेलंच आहे आणि किती वेगाने ढळतंय, या तिन्ही गोष्टी (पीआयडीतले अनुक्रमे प्रपोर्शनल, इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह) जाणता सुकाणूवाला एकदम ध्यानात घेतो, हे त्यांनी पाहिलं. म्हणजे पीआयडी मुळात माणसाकडूनच शिकलेली आहे. आणि 'सुधारणा करणारं यंत्रच बिघाड वाढवू शकतं' हेही जुनंच ज्ञान. वाफेच्या इंजिनाचे गव्हर्नर वेग स्थिर ठेवण्याऐवजी तो वर-खाली झुलवत बसतात, याचं गणित मॅक्सवेल यांनी १८६८ मध्येच लिहून ठेवलंय.

तुमच्या कामाचा लूप आधी कागदावर काढा. बेसलाइन (ठरलेलं मूळ वेळापत्रक) हा सेटपॉइंट, म्हणजे जिथे राहायचं तो आकडा. यार्डमधलं आणि साइटवरचं काम ही प्रोसेस. सुपरवायझर आणि त्याचा डीपीआर (रोजचा प्रगती अहवाल) हा ट्रान्समीटर, म्हणजे मोजून कळवणारा. मॅनेजर आणि त्यांची मीटिंग हा कंट्रोलर. गँग, ओव्हरटाइम, क्रेन, कामाचा क्रम हे कंट्रोल व्हॉल्व्ह. पाऊस, उशिरा आलेलं व्हेंडर ड्रॉइंग, क्लायंटने मध्येच हलवलेला नोझल (उपकरणाचं पाइप जोडायचं तोंड) हे डिस्टर्बन्स. इथवर कुणीही काढेल. पुढचं काम फार कमी लोक करतात: प्रत्येक बाणावर वेळ लिहिणं. मंगळवारी वेल्ड झालेला जॉइंट डीपीआरमध्ये कधी येतो? डीपीआर प्लॅनिंगच्या शीटमध्ये कधी चढतो? शीट मीटिंगमध्ये कधी उघडते? तिथे ठरलेली नवी गँग गेट पास, सेफ्टी इंडक्शन आणि वेल्डर टेस्ट उरकून पहिला जॉइंट कधी मारते? या सगळ्याची बेरीज म्हणजे तुमचा डेड टाइम. मी जिथे जिथे मोजला तिथे तो लोकांच्या अंदाजाच्या दुप्पट तरी निघाला.

आता एक हिशोब, कागद-पेन्सिल घेऊन पडताळून बघा. समजा आठवड्याला ५०० इंच-डाया (वेल्ड केलेल्या जॉइंटांच्या इंचांतल्या व्यासांची बेरीज) हवेत. एक गँग ५० करते, म्हणजे १० गँग लागतात. तुमच्याकडे ८ आहेत. मीटिंगमध्ये जो आकडा दिसतो तो दोन आठवड्यांपूर्वीचा असतो, आणि मागवलेली गँग पुढच्या आठवड्यात कामाला लागते. मॅनेजर दर आठवड्याला तूट बघतात आणि तेवढ्या गँग वाढवतात किंवा कमी करतात. यात काही गैर दिसतं का? मुळीच नाही, अगदी समंजस वागणं आहे. पहिल्या आठवड्यात तूट २ गँगची, म्हणून २ मागवल्या. दुसऱ्या आठवड्यात समोर अजून जुनाच आकडा, पुन्हा २. तिसऱ्या आठवड्यातही तोच आकडा, आणखी २. चौथ्या आठवड्यात साइटवर १४ गँग उभ्या. मग जास्तीचा आकडा दिसायला लागतो, कपात सुरू होते आणि तीही त्याच उशिराने. नवव्या आठवड्यात साइटवर २ गँग उरतात. तिथून पुन्हा उसळी, आणि तेराव्या आठवड्यात २४. झोका विरत नाही, वाढतच जातो. कुणी आळशी नव्हतं, कुणी खोटं बोललं नव्हतं. केवळ उशिराने हे घडवलं.

खऱ्या साइटवर २४ गँग कधी येणार नाहीत, कंत्राटदाराकडे तेवढ्या नसतातच. पण 'गेल्या महिन्यात माणसं बसून होती आणि या महिन्यात माणूस मिळत नाही' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ते याच झोक्याचं वाक्य आहे.

यावर तीन उपाय, आणि तिघांची किंमत वेगवेगळी. पहिला, गेन कमी करा. वरच्याच हिशोबात दर आठवड्याला दिसणाऱ्या तुटीच्या फक्त सातव्या भागाइतकी दुरुस्ती केली तर झोका येतच नाही, पण १० गँगपर्यंत पोहोचायला बरेच आठवडे जातात. हे गणिताला पटतं, क्लायंटला पटत नाही. दुसरा, उशीरच कमी करा. त्याच आठवड्याचा आकडा त्याच आठवड्यात समोर आला तर एकदाच २ गँग मागवून विषय संपतो. झिग्लर आणि निकोल्स यांचे १९४२ चे ट्यूनिंगचे नियम तुम्ही परीक्षेसाठी पाठ केले असतील. त्यांतल्या स्टेप रिस्पॉन्सच्या (इनपुट एकदम बदलून परिणाम बघण्याच्या) नियमात गेन डेड टाइमच्या व्यस्त प्रमाणात आहे. डेड टाइम निम्मा करा, गेन दुप्पट ठेवता येतो. ज्यांना जोरात दुरुस्ती करायची हौस आहे त्यांनी आधी उशीर कापून तो हक्क मिळवावा.

तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण तो फुकट आहे. ऑटो स्मिथ यांनी १९५७ मध्ये डेड टाइम असलेल्या लूपसाठी जो प्रेडिक्टर सुचवला, त्याचं मर्म एवढंच की दिलेल्या पण अजून परिणाम न दिसलेल्या दुरुस्त्या कंट्रोलरने लक्षात ठेवायच्या. तुमच्या साप्ताहिक शीटमध्ये एक रकाना वाढवा: 'मागवलं आहे, अजून आकड्यात आलेलं नाही'. पहिल्या आठवड्यात मागवलेल्या २ गँग त्या रकान्यात बसतील, आणि दुसऱ्या आठवड्यात तूट २ दिसली तरी मॅनेजरांना कळेल की तिची भरपाई वाटेत आहे. घरातला कर्ता माणूस दुकानात जाण्याआधी 'परवाच सांगितलेलं पीठ येतंय' हे आठवतो, तसंच हे. एका कामावर मी हा रकाना सुरू केला तेव्हा पहिल्या महिन्यात निघणारे नवे आदेश जवळजवळ निम्म्यावर आले, आणि कुणाला काही सोडून दिल्यासारखं वाटलं नाही.

तुम्ही जिथे बसता तिथल्या जमिनीकडूनही हेच शिकता येतं. खाडीकाठची ही मऊ चिकणमाती. उरण-न्हावाशेवाकडे अशा जमिनीवर भराव घालताना माती बसायची वाट बघावी लागते, कारण तिच्यातलं पाणी अतिशय हळू बाहेर पडतं. मातीच्या अभियांत्रिकीतले तेरझागी यांच्या सिद्धांतानुसार भार दुप्पट केला तर जमीन शेवटी जास्त बसेल, पण तिच्या एकूण बसण्यापैकी अमुक टक्के बसण्याला लागणारा वेळ तेवढाच राहतो. तो वेळ ठरतो पाण्याला किती अंतर कापून बाहेर यावं लागतं त्यावर, आणि तोही अंतराच्या वर्गाने: वाट निम्मी, तर वेळ चौथाई. म्हणून तिथे मातीत उभ्या निचरापट्ट्या ठासतात. तुम्ही म्हणाल हा लॅग (हळूहळू उमटणारा परिणाम) आहे, डेड टाइम नव्हे. बरोबर. तरीही मला दर वेळी ती निचरापट्टीच आठवते, कारण वरून भार वाढवणारे मॅनेजर मी खूप पाहिले आणि आतली वाट आखूड करणारे मोजके.

आता ट्रान्समीटर. तुमचं सर्वांत मोठं दुखणं बहुधा इथे निघेल.

चालू प्लांटमध्ये एखादा लूप वेडावाकडा वागायला लागला की आपण आधी काय करतो? कंट्रोलरला हात लावायच्या आधी ट्रान्समीटर तपासतो. इम्पल्स लाइन चोंदलीय का, झिरो सरकलाय का, रेंज बरोबर आहे का. प्रोजेक्टमध्ये मात्र 'स्पूल फॅब्रिकेशन ९२ टक्के' (स्पूल म्हणजे यार्डात जोडून तयार केलेले पाइपचे भाग) असा आकडा आला की कुणी हातात टॉर्च घेऊन यार्डात जात नाही. मी एकदा गेलो होतो. ९२ टक्के खरेच होते, वेल्डिंगच्या इंच-डायाचे. पण हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) लावता येईल असा एकही पॅक, म्हणजे एकत्र तपासायच्या लाइनींचा गट, पूर्ण नव्हता. मोठ्या व्यासाचे, सोपे, मोजायला भरघोस जॉइंट आधी संपवले होते, कारण आरए बिल (चालू कामाचं हप्त्याचं बिल) इंच-डायावर निघत होतं. लहान व्यासाच्या ड्रेन, व्हेंट, स्टीम ट्रेसिंगच्या लाइनी तशाच पडून होत्या. ट्रान्समीटर बिघडलेला नव्हता; भलत्याच ठिकाणी बसवलेला होता. त्यानंतर मी टप्प्यांनुसार श्रेय द्यायला लागलो: फिट-अपला इतकं, वेल्डला इतकं, रेडिओग्राफी (वेल्डची किरणांनी तपासणी) पास झाल्यावर इतकं, उभारणीला इतकं, आणि चांगला मोठा हिस्सा हायड्रोटेस्ट पॅकवर सही झाल्यावरच. आकडा एका रात्रीत खाली आला आणि बरीच आदळआपट झाली. पण तो आकडा पुढे शेवटपर्यंत खरा राहिला.

मापाचा दुसरा दोष म्हणजे न सापडलेलं दुरुस्तीकाम. अमेरिकेतल्या इंगल्स शिपयार्डचा त्यांच्या नौदलाशी १९७० च्या दशकात जादा खर्चावरून मोठा वाद झाला. त्यासाठी बनवलेल्या संगणकीय मॉडेलची मांडणी केनेथ कूपर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या गाभ्याशी एकच निरीक्षण आहे: 'झालं' म्हणून नोंदलेल्या कामातला काही भाग झालेला नसतो, आणि ते बऱ्याच काळाने, पुढचं काम सुरू झाल्यावर उघडकीला येतं. तोवर आलेख सुंदर चढत असतो. आपल्याकडे हे कळतं लूप चेकिंगला (उपकरणाचा सिग्नल कंट्रोल रूमपर्यंत नीट पोहोचतो का, या तपासणीला). केबल टाकली, ग्लँड केली, टर्मिनेट केली, टिक केली, आणि कंट्रोल रूममधून सिग्नल मागितला की कळतं की जंक्शन बॉक्सचं ड्रॉइंग दोन रिव्हिजन जुनं होतं. म्हणून माझा आग्रह असतो की तपासणी कामाच्या मागोमाग चालावी. सगळं संपल्यावर एकदम लूप चेक करणं म्हणजे ट्रान्समीटरला चार महिन्यांचा डेड टाइम देणं.

जाता जाता, तुम्ही एसपीआय (झालेल्या कामाचं मूल्य भागिले तोवर ठरलेल्या कामाचं मूल्य) वापरत असाल तर एक जाणून ठेवा. काम कितीही उशिरा संपलं तरी शेवटी तो निर्देशांक १ होतो, कारण शेवटी सगळंच नियोजित काम 'झालेलं' असतं. म्हणजे शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात, नेमकी गरज असताना, हे माप दिलासा द्यायला लागतं. वॉल्ट लिप्के यांनी २००३ मध्ये हाच हिशोब पैशांऐवजी वेळेत करायची पद्धत मांडली, ती वापरा.

आता माणसं वाढवण्याबद्दल. कंट्रोलचा अभ्यास केलेल्या माणसाला इथे जी दृष्टी मिळते ती दुसऱ्या कुठल्या विषयातून सहज मिळत नाही. बॉयलर ड्रमची (वाफ आणि पाणी वेगळं होतं त्या टाकीची) लेव्हल आठवा. वाफेची मागणी अचानक वाढली की ड्रममधला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि लेव्हल वर गेलेली दिसते, पाणी खरं तर कमी होत असताना. आणि गार फीडवॉटर जास्त सोडलं की बुडबुडे आक्रसतात, लेव्हल आधी खाली जाते आणि मग वर येते. ज्या दिशेला न्यायचं तिच्या उलट दिशेने सुरुवात करणारी ही प्रोसेस. ती समजली नाही तर ऑपरेटर घाबरून व्हॉल्व्ह भलतीकडे फिरवतो.

नवी माणसं म्हणजे गार फीडवॉटर. आयबीएमच्या ओएस/३६० चं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये लिहिलं की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो. पाइपिंगला हे सॉफ्टवेअरइतकं कडक लागू नाही, वेल्डर शेवटी वेल्डर असतो. पण चालू प्लांटच्या आवारात ते चांगलंच लागू पडतं. रबाळ्याजवळच्या एका कारखान्यात अठरा दिवसांचं शटडाउन होतं. नवव्या दिवशी आम्ही मागे होतो आणि तीस नवी माणसं रात्रपाळीला आणली. पुढचे तीन दिवस काम आणखी घसरलं. दिवसपाळीचे माझे दोन उत्तम सुपरवायझर रात्री थांबून नव्यांना एक्सचेंजर कुठला, ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) कुठली, हे दाखवत होते आणि सकाळी डोळे चोळत उभे होते. वर्क परमिटवर सही करणारा अधिकारी एकच, गॅस टेस्ट करणारा एकच. सकाळी परमिट हातात पडेपर्यंत साडेदहा वाजत होते, आता बारा वाजायला लागले. चौथ्या दिवशी वेग वाढला, तो जुन्या वेगापेक्षा जास्तही झाला. पण त्याआधी, तिसऱ्या दिवशी रात्री, वरच्या साहेबांनी 'उपयोग होत नाही' म्हणून निम्मी माणसं परत पाठवायला सांगितलं होतं. तो फोन मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवशी मी ड्रम लेव्हलचं उदाहरण देऊन थांबण्याची विनंती केली, आणि ते थांबले. सगळे थांबत नाहीत.

म्हणून माणसं वाढवायची तर लवकर वाढवा, एकदाच वाढवा, आणि 'पहिला आठवडा आकडा खाली जाईल' हे आधीच लिहून ठेवा. काम संपायला जितके दिवस उरलेत ते त्या उलट्या वळणापेक्षा कमी असतील तर वाढवूच नका. त्याऐवजी परमिटची सही आदल्या संध्याकाळी तयार ठेवता येते का, ते बघा.

रोजच्या मीटिंगबद्दल तुम्ही विचारलंय. रोजची मीटिंग मुळात वाईट नाही. आठवड्याच्या आकड्यासाठी रोज बसणं मात्र वाया जातं, कारण ट्रान्समीटर आठवड्यातून एकदाच अपडेट होत असेल तर कंट्रोलरने रोज बघून नवं काय दिसणार? आणि आकडा खरोखर रोजचा असेल तर त्यात नॉइज (योगायोगाने होणारी चढउतार) फार असतो. एक दिवस पाऊस, एक दिवस क्रेन शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली, एक दिवस दोन फिटर गावी लग्नाला. डेरिव्हेटिव्ह जास्त ठेवलेला कंट्रोलर अशा सिग्नलवर व्हॉल्व्ह थरथरवत बसतो. तुमचा सोमवारचा कॅच-अप प्लॅन तेच करतोय. गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग नरसाळ्याचा एक प्रयोग दाखवत: नरसाळ्यातून गोळी टेबलावरच्या खुणेवर सोडायची. प्रत्येक वेळी गोळी चुकली तितकं नरसाळं उलट सरकवलं, तर गोळ्या जास्त विखुरतात. व्हेरिअन्स (विखुरण्याचं माप) दुप्पट होतो. नरसाळं न हलवणाराच जिंकतो. चार आठवड्यांची सरासरी काढा, एका आठवड्याच्या घसरणीवर क्रम बदलू नका. क्रम बदलला की साहित्य एकीकडे, माणसं दुसरीकडे आणि क्रेन तिसरीकडे असते, हे साइटवरच्या कुठल्याही फोरमनला विचारा.

रोजची मीटिंग खरी उपयोगी पडते ती आतल्या लूपसाठी. उद्या कुठला फ्रंट (काम करता येईल अशी जागा) मोकळा आहे, कुठलं परमिट लागेल, गॅस्केट स्टोअरमध्ये आहे का. हा लूप फोरमनचा, दहा मिनिटांचा, उभ्याने करायचा. कॅस्केडमध्ये (लूपच्या आत लूप असतो तेव्हा) आतला लूप बाहेरच्यापेक्षा कितीतरी चपळ लागतो आणि बाहेरच्या लूपने फक्त त्याचा सेटपॉइंट हलवायचा असतो. मॅनेजर थेट फिटरला जागा बदलायला सांगायला लागले की दोन कंट्रोलर एकाच व्हॉल्व्हवर भांडतात.

तुमचे सात आठवडे हा इंटिग्रलचा विषय. साठलेली तूट दर सोमवारी पुढच्या आठवड्यांवर वाटली जाते, म्हणून 'लागणारा वेग' सारखा वाढत जातो: आठवड्याला ५००, मग ५६०, मग ६४०. व्हॉल्व्ह मात्र आधीच पूर्ण उघडा आहे; फ्रंट तेवढेच, परमिट तेवढीच, बारा तासांपुढे माणसाचा हात चालत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना इंटिग्रल साठत राहणं म्हणजे वाइंडअप. त्याचा त्रास आज दिसत नाही, सुटका होते तेव्हा दिसतो. अडलेली ड्रॉइंग एकदम येतात, फ्रंट उघडतात, आणि साठलेल्या दबावाने सगळे एकाच वेळी तुटून पडतात. रेडिओग्राफीत रिपेअर वाढतात, रंग ओला असताना इन्सुलेशन चढतं. उपाय ट्यूनिंगच्या पुस्तकातलाच आहे: व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की साठवणं थांबवा. म्हणजे एकदा प्रामाणिकपणे बेसलाइन बदला, क्लायंटसमोर, कारणांसह. मी हे कधी सुखाने केलेलं नाही. पण जितकं लांबवलं तितकं महाग पडलं.

फीडफॉरवर्डबद्दल (अडचण आकड्यात उमटण्याआधीच दुरुस्ती करण्याबद्दल) थोडंच सांगतो, कारण ते तुम्हाला माहीत आहे आणि तरी कुणी करत नाही. मुंबई परिसरात मान्सून पोहोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. हा डिस्टर्बन्स कॅलेंडरवर छापलेला आहे. जमिनीखालचे पाइप, केबल ट्रेंच, फाउंडेशन यांची तूट जुलैत मोजून दुरुस्त करायची नसते. फेब्रुवारीतच त्या कामांना माणसं आणि क्रम देऊन टाकायचा असतो. तसंच व्हेंडर ड्रॉइंगचं. मंजूर ड्रॉइंग यायला तीन आठवडे उशीर होणार हे डिसेंबरात कळलं, तर त्याचा परिणाम एप्रिलच्या डीपीआरमध्ये उमटायची वाट का बघायची?

थिअरी जिथे अपुरी पडते तेही सांगितलं पाहिजे. प्रोजेक्ट एकदाच चालतो, त्यावर स्टेप टेस्ट करून पुन्हा शून्यावर आणता येत नाही, म्हणून गेनचे नेमके आकडे कधीच मिळत नाहीत. आणि लेव्हल ट्रान्समीटरला कळत नाही की त्याच्या आकड्यावर कुणाचा पगार ठरतोय, सुपरवायझरला कळतं. मीटिंगमध्ये कमी आकडा सांगणाऱ्यावर ओरडलं की पुढच्या आठवड्यापासून आकडा सुधारतो, काम सुधारत नाही. यंत्राच्या लूपमध्ये गेन वाढवला तर निदान मापन तसंच राहतं. माणसांच्या लूपमध्ये गेन वाढवला की मापनच बिघडतं. या एका फरकामुळे मी कुठल्याही प्रोजेक्टवर जोर वाढवण्याआधी दहादा विचार करतो.

मॅनेजरांना कसं सांगायचं? 'कंट्रोल थिअरी' हा शब्द उच्चारू नका. ते वयाने मोठे असतील, त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त प्लांट उभे केले असतील, आणि रोजची मीटिंग त्यांनी काळजीपोटीच सुरू केली आहे. एक पान घेऊन जा. मागच्या दोन महिन्यांत त्या मीटिंगमध्ये झालेले कुठलेही दहा निर्णय निवडा. प्रत्येकासमोर चार तारखा लिहा: अडचण साइटवर झाली ती तारीख, आकड्यात दिसली ती, निर्णय झाला ती, आणि निर्णयाचा परिणाम साइटवर दिसला ती. यासाठी तुम्हाला सुपरवायझरांचे मोबाइल, गेट पासचं रजिस्टर आणि परमिटच्या फायली चाळाव्या लागतील. दोन संध्याकाळी जातील. मग चारही तारखांमधले दिवस पेन्सिलने मोजा आणि सर्वांत मोठ्या अंतराभोवती गोल काढा. मला वाटतं तो गोल निर्णय आणि परिणाम यांच्या मधे पडेल, गेट पास आणि परमिटपाशी. चुकीचा ठरलो तर कळवा, कारण मग तुमचं पुढचं पाऊल वेगळं असेल.

आणि ते पान दाखवायला सोमवारच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, काढू नका. शनिवारी दुपारी, साहेब एकटे चहा घेत असतील तेव्हा जा.